निकालानंतरची वर्षं



स्मृतिव्याख्यानाचं निमंत्रण आलं की आधी संकोच वाटतो आणि मग जबाबदारी जाणवते. ज्यांच्या स्मरणार्थ आपण आज जमलो आहोत, त्यांनी आयुष्यभर लहान मुलांच्या बाजूनं विचार केला. म्हणून आजचा विषयही मुलांच्याच बाजूनं मांडायचा, असं मी ठरवून आले आहे. मोठ्यांची बाजू मांडायला वकील आहेत, नातेवाईक आहेत आणि मोठे स्वतःही काही कमी बोलत नाहीत.

संयोजकांनी विषय दिला होता ‘घटस्फोट आणि मुलं’. तो मी थोडा आवळून घेतला आहे. घटस्फोट का वाढले, हल्लीच्या पोरापोरींना दम नाही का, मोबाइलनं संसार मोडतात का, यावर आपल्या नागपुरात लग्नाच्या कुठल्याही पंगतीत फुकट व्याख्यान ऐकायला मिळतं. त्यात मी भर घालणार नाही. मला बोलायचं आहे ते निकाल लागल्यानंतरच्या काळाबद्दल. हुकूमनाम्याची प्रत हातात पडते, वकिलांची फी चुकती होते, मध्यस्थी करायला आलेले मामा-काका आपापल्या घरी जातात. मागे समजा पाच वर्षांचं एक मूल असतं. त्याला अठरा पूर्ण व्हायला अजून तेरा वर्षं आहेत. त्या तेरा वर्षांत शाळेच्या पालकसभा आहेत, ताप आहे, दहावी आहे, दिवाळ्या आहेत. नवरा-बायकोचं नातं संपलं तरी आई-बाप म्हणून दोघांना ही वर्षं एकमेकांशी व्यवहार करतच काढायची असतात.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकते. लग्न वाचवण्यासाठी आपल्याकडे केवढी फौज आहे! घरातले वडीलधारे, दोन्हीकडचे मध्यस्थ, समाजाची पंचमंडळी, समुपदेशक, कायद्यातली कलमं. पण लग्न मोडल्यावर पालकपण धड चालावं म्हणून मात्र जवळपास कोणीच नाही. घटस्फोटित आई-बापांच्या मुलांचं जे नुकसान होतं, त्यातलं बरंचसं या रिकाम्या जागेत होतं आणि ते टाळता येण्यासारखं असतं.

थोडं मागे जाऊ. घटस्फोट ही पाश्चात्त्यांकडून आलेली नवी गोष्ट आहे, असं मानणाऱ्यांसाठी हे सांगायला हवं. आपल्या बहुजन समाजात फारकत, सोडचिठ्ठी, काडीमोड हे शब्द पिढ्यान्‌पिढ्या वापरात आहेत. काडी मोडली, पंचांसमोर फारकत झाली की बाई पाट लावायला, म्हणजे पुन्हा लग्न करायला, मोकळी होई. ज्या जातींत हे चालत नव्हतं त्यांनी ‘आपल्यात असं नसतं’ हेच साऱ्या समाजाचं म्हणणं म्हणून मांडलं. लेखी कायदा आला तोही सगळीकडे एकदम नाही. बडोदा संस्थानात 1931 साली आला, मुंबई प्रांतात 1947 साली. नागपूर तेव्हा मध्यप्रांत-वऱ्हाडची राजधानी, त्यामुळे मुंबईचा कायदा आपल्याला लागू नव्हता. हिंदू कोड बिल रखडलं, त्या कारणानं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1951 साली केंद्रीय मंत्रिमंडळाचा राजीनामा दिला. पुढे त्या बिलाचे तुकडे होऊन कायदे झाले आणि 1955 च्या हिंदू विवाह कायद्यानं नागपूरच्या हिंदू स्त्री-पुरुषांनाही न्यायालयातून घटस्फोट घेण्याची वाट मिळाली.

या सगळ्या इतिहासात मूल कुठे होतं? रिवाजात ते बहुतेक वेळा बापाच्या घरचं मानलं जाई. कायद्यानं हळूहळू दुसरा विचार केला. पालक आणि पाल्य यांचा 1890 चा कायदा अजूनही चालू आहे. मूल समज येण्याइतकं मोठं असेल तर त्याची पसंती न्यायालय विचारात घेऊ शकतं, असं तो इंग्रजी अमलातला कायदा सांगतो. 1956 च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यानं पाच वर्षांखालचं मूल सामान्यतः आईकडे राहील असं म्हटलं आणि सगळ्यांच्या वर ठेवलं मुलाचं हित. सर्वोच्च न्यायालयानं 1973 च्या एका निकालात आई-बापांना बजावलं की मुलं ही तुमची मालमत्ता नव्हे आणि खेळणीही नव्हेत. ताब्याचा हुकूम कायमचा दगडावर कोरलेला नसतो, परिस्थिती बदलली की तो बदलता येतो, हेही त्याच निकालानं स्पष्ट केलं.

मग 1984 साली कौटुंबिक न्यायालयांचा कायदा झाला. दिवाणी न्यायालयाच्या रुक्ष वातावरणातून घरगुती तंटे बाहेर काढावेत, हा त्यामागचा हेतू चांगला होता. या न्यायालयांत विवाह समुपदेशक असतात, मानसतज्ज्ञाची मदत घेता येते, मागणी केली तर बंद दालनात सुनावणी होते. पण त्या कायद्याचा सगळा रोख कुठे आहे पाहा. कलम 9 न्यायाधीशांवर पहिलं कर्तव्य टाकतं ते समझोत्याचं. समझोता होऊ शकेल असं दिसलं तर कामकाज पुढे ढकलावं, इथपर्यंत मुभा आहे. हे योग्यच आहे. ज्यांचं जुळण्यासारखं आहे त्यांचं जुळावं. मात्र ज्या दिवशी जुळत नाही हे नक्की होतं आणि निकाल लागतो, त्या दिवशी समुपदेशकाची फाइल बंद होते. पुढे भेटीच्या शनिवारी बाप आला नाही, किंवा आईनं मूल पाठवलंच नाही, तर त्यावर इलाज काय? नवा अर्ज, नवी नोटीस, नवं वकीलपत्र, पुढची तारीख. शनिवारच्या तक्रारीची सुनावणी व्हायला महिने लागतात. आठ वर्षांच्या मुलाचे हे महिने असतात. तेवढ्यात त्याचे दात पडून नवे येतात.

आता या मुलांना नेमकं दुखतं कशानं, याकडे येऊ. यावर जगात बराच अभ्यास झाला आहे. 1970 च्या दशकात ज्युडिथ वॉलरस्टाइन आणि जोन केली यांनी कॅलिफोर्नियात अशा 60 कुटुंबांतल्या 131 मुलांचा पाठपुरावा केला आणि मुलांच्या दुःखाकडे लोकांचं लक्ष वेधलं. पुढे व्हर्जिनियात मेव्हिस हेदरिंग्टन यांनी घटस्फोट झालेली आणि न झालेली, अशी दोन्ही प्रकारची घरं वर्षानुवर्षं पाहिली. गंभीर अडचणीत सापडलेली मुलं घटस्फोटित घरांत शंभरांत साधारण पंचवीस होती आणि इतर घरांत दहा. हा आकडा दोन्ही बाजूंनी वाचायला हवा. धोका दुपटीहून जास्त आहे, हे खरं. पण चारांतली तीन मुलं सावरतात, हेही तितकंच खरं. ‘घटस्फोट झाला, पोराचं वाटोळं झालं’ असं जे आपण सहज बोलून जातो, त्याला आधार नाही.

सावरणारं मूल आणि न सावरणारं मूल यांच्यात फरक कशानं पडतो? पॉल अमाटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1995 साली एक विचार करायला लावणारी गोष्ट दाखवली. ज्या घरांत जबरदस्त भांडणं होती, तिथली मुलं घटस्फोटानंतर मोठेपणी बरी निघाली. ज्या घरांत फारशी भांडणं नव्हती आणि तरी लग्न मोडलं, तिथल्या मुलांना जास्त त्रास झाला, कारण त्यांना काही कळायच्या आतच पायाखालची जमीन सरकली. म्हणजे ‘मुलासाठी एकत्र राहा’ हा सल्ला सरसकट बरोबर नाही आणि ‘मुलासाठी वेगळे व्हा’ हाही नाही. भांडणाचं काय झालं, ते थांबलं की पत्ता बदलून चालूच राहिलं, हे पाहावं लागतं. क्रिस्टी ब्युकॅनन, एलिनॉर मॅकोबी आणि सॅनफर्ड डॉर्नबुश यांनी 1991 साली किशोरवयीन मुलांना विचारलं, की दोघांच्या मध्ये अडकल्यासारखं वाटतं का? ज्यांना तसं वाटत होतं त्यांच्यात उदासी आणि वागण्यातल्या तक्रारी जास्त होत्या. आई-बाप एकमेकांशी वैर धरून असतील आणि सहकार्य करत नसतील, तिथे हे अडकलेपण वाढत होतं. मूल कोणाकडे राहतं, याच्याइतकंच, ते कोणाच्या मध्ये उभं आहे याला महत्त्व आहे.

हे अडकणं कसं दिसतं ते सांगते. उदाहरणांतले तपशील मी बदलले आहेत, दोन-तीन घरांतलं एकत्रही केलं आहे, त्यामुळे ओळखायचा प्रयत्न करू नका.

पाचवीतली एक मुलगी. अभ्यासात बरी, स्वभावानं गप्प. शाळेतल्या बाईंनी तिची रफ वही माझ्याकडे आणली. वहीच्या शेवटच्या पानावर तिनं मधोमध पट्टीनं रेघ मारली होती. डावीकडे लिहिलं होतं ‘इथे नाही सांगायचं’, उजवीकडे ‘तिथे नाही सांगायचं’. डावीकडच्या यादीत होतं: बाबांनी नवी गाडी बुक केली. आत्या म्हणाली की आई हट्टी आहे. रात्री अकराला झोपलो. उजवीकडे होतं: आई रडली. मामानं पैसे दिले. घर बदलायचं चाललं आहे. शेवटची नोंद दोन्हीकडे सारखीच होती: मजा आली. दहा वर्षांच्या मुलीनं अनुभवातून शिकून घेतलं होतं, की एका घरी मजा आली हे दुसऱ्या घरी सांगितलं की तिथला चेहरा पडतो. वही तपासली तेव्हा शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती. एवढी काळजीपूर्वक ती यादी ठेवली होती.

तिच्या आई-बापांपैकी कोणीही तिच्यावर हात उगारला नव्हता. दोघंही तिच्यावर जीव टाकत होते. पण दोघांनी मिळून तिच्यावर तीन कामं टाकली होती आणि घरोघरी बहुतेक हीच तीन कामं मुलांवर पडतात. पहिलं निरोप्याचं. ‘तुह्या बापाले सांग, फी भरायची तारीख निघून गेली म्हनून.’ एवढा निरोप त्या पोट्ट्याला स्वतः जाऊन द्यावा लागतो आणि त्यावरची चिडचिडही त्यालाच ऐकावी लागते. दुसरं काम हेराचं. ‘तिकडे कोण आलं होतं गं? जेवायला काय होतं? ते काका रात्री थांबले का?’ प्रश्न प्रेमानं विचारलेले असतात, उत्तरं मात्र वकिलाच्या टिपणात जातात. तिसरं काम न्यायाधीशाचं. ‘खरं सांग, तुला कोणाकडे जास्त आवडतं?’ हा प्रश्न आई-बाप विचारतात, त्याहून जास्त आजी, मावशी, शेजारच्या काकू विचारतात. कौटुंबिक न्यायालयातला न्यायाधीश हा प्रश्न दालनात बसवून, मुलाला आधी मोकळं करून, जपून विचारतो. आपण तो लग्नाच्या मांडवात चारचौघांत विचारतो.

वयाप्रमाणे या ओझ्याचा परिणाम वेगळा दिसतो. तीन-चार वर्षांचं मूल पुन्हा अंथरूण ओलं करायला लागतं, आईच्या पदराला चिकटतं. सहा ते आठच्या मुलाला वाटतं की आपण हट्ट केला म्हणून बाबा गेले, आणि आपण शहाण्यासारखं वागलो तर ते परत येतील. दहा-बाराचं मूल एक बाजू घेतं आणि कडवेपणानं घेतं. त्या वयात जग चांगलं आणि वाईट असं दोनच भागांत बसतं. चौदा-पंधराचं मूल घरात बोलणंच बंद करतं, किंवा आईचा नवरा आणि बापाची आई झाल्यासारखं मोठ्यांना सांभाळू लागतं. लोक त्याला ‘किती समजूतदार’ म्हणतात. मला अशा समजूतदार मुलांचीच जास्त काळजी वाटते.

मग करायचं काय? मी आई-बापांना ‘मित्र व्हा’ असा उपदेश करत नाही. ज्यांना मैत्री जमली असती त्यांनी घटस्फोट कशाला घेतला असता? मुलाला तुमच्या मैत्रीची गरजही नसते. त्याला हवी असते व्यवस्था: ठरलेली, रोजची, थोडी कंटाळवाणी. मूल कोणत्या शनिवारी किती वाजता कुठे जाईल, कोण न्यायला येईल, दप्तर कोण भरेल, औषधाची बाटली कुठे असेल, हे त्याला न विचारता कळलं पाहिजे. ज्या घरी हे वेळापत्रक फ्रिजवर चिकटवलेलं असतं, त्या घरचं मूल शुक्रवारी रात्री शांत झोपतं.

या व्यवस्थेतला सगळ्यात नाजूक क्षण म्हणजे मूल एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती जातं तो. हुकमात ‘दुसरा आणि चौथा शनिवार, सकाळी 10 ते सायंकाळी 6’ एवढंच असतं. फाटकापाशी काय होतं ते हुकमात नसतं. आई खाली येत नाही, बाप वर जात नाही, मूल जिना एकटं उतरतं. किंवा दोघंही येतात आणि तिथेच उभे राहून उशिराचा, पोटगीचा हिशेब मांडतात. मे महिन्यात 45 अंशांच्या उन्हात मूल स्कूटरवर बसून हे ऐकत असतं. यावर उपाय साधा आहे. त्या पाच मिनिटांत पैशाचा, कोर्टाचा, नातेवाइकांचा विषय काढायचा नाही. काही कळवायचं असेल तर मोठ्यांनी मोठ्यांना लेखी कळवायचं, मेसेजवर, कामापुरतं, कार्यालयीन भाषेत: ‘काल 101 ताप होता. पॅरासिटामॉल रात्री 9 वाजता दिलं. सोमवारी युनिट टेस्ट आहे.’ आणि मुलाला निरोप देताना एक वाक्य तोंड भरून म्हणायचं: ‘मजा कर.’ त्या मुलीच्या वहीतली दोन्हीकडची शेवटची नोंद या एका वाक्यानं पुसली जाऊ शकते.

सणांचं ठरवताना आपल्याकडे एक गोष्ट हमखास सुटते. दिवाळी अर्धी-अर्धी, उन्हाळ्याची सुटी अर्धी-अर्धी, वाढदिवस आलटून पालटून, हा मसुदा सगळीकडे सारखाच असतो. पण आपल्या विदर्भातल्या लहान मुलाचा स्वतःचा सण कोणता? तान्हा पोळा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लाकडी बैल सजवून, त्याच्या गळ्यात माळ घालून, दोरीनं ओढत घरोघर जायचं आणि बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, गोळा करायचा. एका सहा वर्षांच्या मुलाचा बैल महाल भागातल्या आजोबांच्या घरी होता आणि तो स्वतः आईबरोबर मानेवाड्याला राहायचा. त्या वर्षी तान्हा पोळा भेटीच्या शनिवारी आला नाही. बैल आणायला कोणी गेलं नाही, कारण जायचं म्हणजे फोन करावा लागणार होता आणि आधी फोन कोणी करायचा यावर दोन्ही घरं अडून बसली. आईनं बाजारातून नवा, मोठा बैल आणला. पोरानं तो घेतला नाही. जुन्या बैलाचं एक शिंग त्यानं स्वतः फेव्हिकॉलनं चिकटवलं होतं. मुलांच्या ताब्याचे मसुदे लिहिणाऱ्या वकील मंडळींना माझी विनंती आहे, मुलाला बसवून विचारा, वर्षातले कोणते दिवस तुला चुकवायचे नाहीत. त्याची यादी तुमच्या छापील यादीहून वेगळी निघेल.

दूर राहणाऱ्या पालकाबद्दल दोन शब्द. नागपूरची पोरं नोकरीला पुण्याला, हैदराबादला, परदेशी जातात. तिथे शनिवारच्या भेटीचा प्रश्नच येत नाही. सर्वोच्च न्यायालयानं 2020 च्या एका निकालात म्हटलं, की ज्याच्याकडे मूल राहत नाही त्याला भेटीबरोबरच फोन आणि व्हिडिओ कॉलवरून मुलाशी संपर्क ठेवण्याचाही हक्क असावा. त्यामुळे कॉलची वेळ ठरवा आणि ती पाळा. ‘अभ्यास झाला का, किती मार्क पडले’ एवढ्यावर कॉल संपवू नका. बरोबर बसून गणित सोडवा, तो पोहे खात असेल तर तुम्हीही खा. आणि ज्याच्याकडे मूल आहे त्यानं त्या वेळी फोनच्या मागे उभं राहून उत्तरं पुरवू नयेत.

आजी-आजोबांशी मला जरा कडक बोलायचं आहे, कारण त्यांच्यावर माझी जास्त भिस्त आहे. मूल आई-बापांच्या भांडणात भरडलं जात असतं तेव्हा आजी-आजोबांचं घर ही एकच जागा तशीच राहिलेली असू शकते. पण त्याच घरात ‘तुझी आई घर मोडून गेली’ हे वाक्य जेवताना रोज कानावर पडलं तर त्या मुलाला थांबायला कुठे जागा उरते? तुमची सून तुम्हाला कशीही वाटो, ती त्याची आई आहे आणि त्याचं नाक तिच्यासारखं आहे. तिला नावं ठेवली की तो आरशात स्वतःला पाहतो.

शाळेबद्दल. शाळेनं न्यायालय व्हायचं नाही. पण शाळेला काही साध्या गोष्टी करता येतात. न्यायालयाचा मनाई हुकूम नसेल तर प्रगतिपुस्तक आणि सूचना दोन्ही पालकांना पाठवा. पालकसभेला दोघांना वेगळी वेळ द्या. ‘माझे कुटुंब’ हा निबंध देताना वर्गात कोण बसलं आहे याचा विचार करा. आईची सही चालणार नाही, वडिलांचीच हवी, असं आजही काही ठिकाणी ऐकू येतं. वडील हयात असतानाही आई नैसर्गिक पालक असू शकते, हे सर्वोच्च न्यायालयानं 1999 सालीच स्पष्ट केलं आहे. महाराष्ट्रात तर 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलाच्या नावात आधी आईचं आणि मग वडिलांचं नाव लावण्याचा नियम झाला. आपल्या विदर्भाची आणखी एक आठवण शिक्षकांसाठी. महाराष्ट्रात बालशिक्षणाची घडी बसवणाऱ्या ताराबाई मोडक लग्नानंतर अमरावतीला होत्या. 1921 साली त्या पतीपासून वेगळ्या झाल्या. पुढे भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर आणि नंतर बोर्डी-कोसबाडला त्यांनी जे उभं केलं, ते मोडलेल्या संसारानंतरचं काम होतं. ‘मोडलेल्या घरातलं’ असा शिक्का कोणावर मारण्याआधी हे आठवावं.

आता एक गंभीर इशारा. मी आतापर्यंत जे बोलले, ते दोन्ही पालक मुलासाठी सुरक्षित आहेत असं धरून. जिथे मारहाण आहे, व्यसनातला हिंसाचार आहे, मुलावर अत्याचाराची शंका आहे, तिथे ‘दोघांचंही प्रेम हवं’ हे वाक्य कोणाच्या तोंडावर फेकू नका. तिथे आधी सुरक्षा. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्यात मुलाचा तात्पुरता ताबा देण्याची आणि गरज पडल्यास भेट नाकारण्याचीही तरतूद आहे. भेट द्यायचीच तर ती तिसऱ्या माणसाच्या देखरेखीखाली होऊ शकते. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून महिलांना आणि मुलांना मोफत वकील मिळतो. मूल स्वतः अडचणीत असेल तर बालकांच्या मदतवाहिनीचा 1098, आणि मन कोलमडत असेल तर टेलिमानसचा 14416. हे दोन क्रमांक शाळांच्या फळ्यावर लिहिलेले असावेत. मात्र याची दुसरी बाजूही सांगायला हवी. सूड म्हणून केलेला खोटा आरोप, किंवा मुलाला पढवून एका पालकाविरुद्ध उभं करणं, हाही मुलावरचाच अत्याचार आहे. सर्वोच्च न्यायालयानं 2017 साली ताब्याच्या एका प्रकरणात या पढवण्याची दखल घेतली आहे.

शेवटी व्यवस्थेकडे वळते, कारण सगळं आई-बापांच्या चांगुलपणावर सोडून चालणार नाही. वेगळं होताना आणि झाल्यावर मदत केली तर उपयोग होतो का? होतो. अमेरिकेत रॉबर्ट एमरी यांनी ताब्यासाठी भांडणाऱ्या जोडप्यांपैकी कोणाला मध्यस्थीकडे आणि कोणाला न्यायालयीन लढाईकडे पाठवायचं, हे नशिबावर सोडून ठरवलं. मध्यस्थी अवघी काही तासांची होती. बारा वर्षांनी पाहिलं, तर मध्यस्थी झालेल्या गटात दूर राहणाऱ्या पालकांपैकी सुमारे 30 टक्के आठवड्यातून निदान एकदा मुलाला भेटत होते. लढलेल्या गटात हे प्रमाण 9 टक्के होतं. ॲरिझोनात शार्लीन वोल्चिक आणि अर्विन सँडलर यांनी घटस्फोटित आयांसाठी आणि त्यांच्या मुलांसाठी गटवर्ग घेतले. मुलाशी बोलायचं कसं, शिस्त कशी लावायची, भांडणापासून त्याला दूर कसं ठेवायचं, एवढंच त्यात होतं. सहा वर्षांनंतर, वर्गांत आलेल्या घरांतल्या किशोरांमध्ये मानसिक विकारांचं प्रमाण, ज्यांना फक्त पुस्तकं दिली होती त्यांच्या निम्म्याहून कमी आढळलं. ऑस्ट्रेलियानं 2006 पासून देशभर 65 कुटुंब-केंद्रं उघडली. लोकांनी आधी तिथे जावं आणि मग न्यायालयात, असा त्यामागचा विचार. आपल्याकडेही 2015 साली विधी आयोगानं आपल्या 257 व्या अहवालात संयुक्त पालकत्व, मध्यस्थी आणि लेखी पालकत्व-आराखडा यांची शिफारस केली. ती अजून कायद्यात उतरलेली नाही.

कायदा बदलेपर्यंत थांबायची गरज नाही. नागपूरपुरत्या तीन गोष्टी मी सुचवते. पहिली: परस्पर संमतीच्या घटस्फोटात पहिल्या आणि दुसऱ्या अर्जामध्ये सहा महिन्यांचा अवधी असतो. सर्वोच्च न्यायालयाच्या 2017 च्याच दुसऱ्या एका निकालानं योग्य प्रकरणात तो माफही करता येतो, पण मुलाच्या ताब्यासह सगळं खरोखर मिटलेलं असेल तरच. मग ‘ताबा आईकडे, भेट वडिलांना’ एवढ्या ओळीला मिटलं म्हणू नका. त्या अवधीत शाळा, औषधपाणी, सण, प्रवास, फोन, खर्च, नव्या जोडीदाराची ओळख, यांचा लेखी आराखडा करा. वकिलांनी तो पुरसिससोबत, म्हणजे न्यायालयात द्यायच्या लेखी निवेदनासोबत, जोडण्याचा शिरस्ता पाडावा. दुसरी: आराखड्यात दर सहा महिन्यांनी एका समुपदेशकाकडे दोघांनी यायचं हे आधीच लिहून ठेवावं, भांडण असो वा नसो. सहा वर्षांच्या मुलासाठी केलेली व्यवस्था बाराव्या वर्षी चालत नाही. ती बदलायला प्रत्येक वेळी न्यायालयाची पायरी चढावी लागू नये. तिसरी: भेटीसाठी जागा. आज भेटी होतात मॉलमध्ये, बागेत, नाहीतर न्यायालयाच्या आवारात. आपल्या शहरात सार्वजनिक वाचनालयं आहेत, महिला मंडळं आहेत, शाळांच्या इमारती रविवारी बंद असतात. एक खोली, थोडे खेळ, एक प्रशिक्षित स्वयंसेवक आणि दोन वेगळी दारं, एवढं असलं की पुरतं. दोन दारं यासाठी, की आई-बापांना समोरासमोर यायचं नसेल तरी मुलाची भेट चुकू नये.

लग्न जुळवायला मेळावे घेणाऱ्या संस्था या शहरात भरपूर आहेत आणि मोडू घातलेलं लग्न वाचवायला धावणारे लोकही. त्यांतल्या एखाद्या संस्थेनं पुढच्या वर्षभरात अशी एक खोली उघडली, तर आज इतक्या शांतपणे माझं बोलणं ऐकून घेतल्याचं चीज होईल. ज्यांना या कामात हात लावायचा आहे त्यांनी कार्यक्रमानंतर संयोजकांकडे नाव द्यावं. माझं नाव यादीत पहिलं लिहून ठेवायला मी त्यांना आधीच सांगितलं आहे.